उझी माशीवरचं थायमस पाऊच: घ्यायचं का, कधी टांगायचं, आणि फरक कधी दिसतो

ज्यांच्याकडे रेशीम शेड आहे आणि रेशीम अळीवर अंडी घालणाऱ्या उझी माशीने जीव नकोसा केलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. थायमस पाऊच म्हणजे उझीला संपवणाऱ्या बारीक कीटकांची पिशवी, शेडमध्ये टांगायची. आपल्या नाशिक भागात रेशीमवाले तसे थोडेच, शेजारी सगळे द्राक्ष, टोमॅटो, कांदावाले, त्यांना विचारून काही उपयोग नाही, आणि या पाऊचबद्दल जी माहिती मिळते ती सगळी पत्रकातली, म्हणजे एवढे सोडा, या दिवशी सोडा, संपलं. स्वतःच्या शेडमध्ये टांगून बघितलेल्या माणसाने सांगितलेलं वेगळं असतं, म्हणून जरा सविस्तर.

निकाल आधीच सांगून टाकतो. पाऊच घ्या, काम करतं. पण ते चालू बॅच वाचवत नाही, पुढची बॅच वाचवतं. ज्याने हे समजून घेतलं त्याचे पैसे वसूल, आणि ज्याने "परवा टांगलं, आज माशा कमी का नाही" असं बघितलं तो दोन बॅचनंतर नाव ठेवून मोकळा होतो. आमच्या ओळखीतल्या दोघातिघांनी असंच सोडून दिलं, मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण खरा फायदा सुरू व्हायच्या तोंडावरच त्यांनी बंद केलं.

आमची शेती दिंडोरी तालुक्यात. आजूबाजूला चारी बाजूंनी द्राक्ष, आपली मधे तुती, व्ही-1 जातीची, आणि शेड. चॉकीच्या (पहिल्या दोन अवस्था पार केलेल्या लहान) अळ्या आणतो आणि तिथून पुढे संगोपन आपल्या शेडमध्ये. पहिली एक-दोन वर्षं उझी हा प्रकार फक्त ट्रेनिंगमध्ये ऐकलेला. मग एका पावसाळी बॅचला अळ्यांच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढे पांढुरके ठिपके दिसायला लागले, दोन-तीन दिवसांनी तिथे काळे डाग. ज्याने बघितलंय त्याला माहितीये तो काळा डाग दिसल्यावर पोटात काय होतं ते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उझी घरमाशीपेक्षा मोठी, करडी-काळी, पाठीवर काळ्या पट्ट्या. ती तुतीला काही करत नाही, थेट रेशीम अळीच्या अंगावर अंडं चिकटवते. दोनेक दिवसात अंडं फुटतं, आतली अळी रेशीम अळीच्या कातडीतून आत शिरते, तो काळा डाग म्हणजे शिरल्याची जागा. आठवडाभर आतून खाते आणि बाहेर पडते. अळी लहान असताना लागण झाली तर ती कोष करायच्या आधीच मरते. पाचव्या, म्हणजे कोष करायच्या आधीच्या शेवटच्या अवस्थेत उशिरा झाली तर कोष विणते बिचारी, आणि मग माशीची अळी कोषाला भोक पाडून बाहेर येते. भोक पडलेल्या कोषाचा सलग धागा निघत नाही, म्हणजे मार्केटला तो माल वेगळा निघतो आणि कवडीमोल जातो. एका अळीवर एक-दोनच अंडी घालते, पण एकटी मादी शेकड्यांनी घालते, म्हणजे शेडमध्ये शिरलेली एक मादी किती अळ्या बाद करू शकते ते तुम्हीच बघा. 100 अंडीपुंजांत (एका मादी पतंगाची अंडी म्हणजे एक पुंज) साधारण 40 ते 50 हजार अळ्या असतात, त्यातल्या दहा टक्के जरी गेल्या तरी त्या गेल्या कुठे तर पाला खाऊन, मजुरी खाऊन, शेवटच्या आठवड्यात गेल्या. खर्च सगळा झालेला असतो आणि माल हातात नाही. हे नुकसान डोळ्यांना एकदम दिसत नाही म्हणून जास्त लागतं.

आता द्राक्षवाल्या शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न, "मग फवारा ना काहीतरी". आमचे शेजारचे तात्या चांगले आहेत, मनापासून विचारतात, पण त्यांना दर वेळी तेच सांगावं लागतं की तात्या, रेशीम अळी पण कीटकच आहे, माशी मारणारं औषध आधी माझ्या अळ्या मारेल. शेडमध्ये सोडाच, तुमच्या ब्लोअरचा फवारा वाऱ्याने माझ्या तुतीवर आला तरी मला तो पाला कामाचा राहत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर तर रोज कुणाचा ना कुणाचा पंप चालू असतो, आम्ही त्या बाजूच्या ओळीच तोडत नाही. (तात्यांचं कौतुक एवढ्यासाठी की आता कीटकनाशक मारायचं असलं की आदल्या दिवशी फोन करतात.) तर कीटकनाशक हा रस्ताच ज्या धंद्यात बंद आहे तिथे माशीवर इलाज म्हणून दुसरा कीटकच आणावा लागतो, आणि तो या पाऊचमध्ये येतो.

नाव नेसोलिंक्स थायमस. आपल्याकडे सगळे नुसतं थायमसच म्हणतात. ही एक परजीवी गांधीलमाशी, काळी, इतकी बारीक की उडताना चिलटासारखी वाटते, माणसाला चावत नाही, रेशीम अळीला हात लावत नाही, रेशमाच्या कोषाला पण काही करत नाही. हिचं लक्ष्य एकच, माशीचा प्युपा, म्हणजे अळी आणि माशी यांच्या मधली कोशाची अवस्था. उझीची अळी रेशीम अळीतून बाहेर पडली की उजेडापासून पळते, रॅकच्या खाली, फरशीच्या भेगेत, भिंतीच्या कोपऱ्यात, कचऱ्यात जाऊन लपते आणि काही तासांत तिचा तपकिरी टणक प्युपा होतो. त्यातून दहा-बारा दिवसांनी नवी माशी निघते. थायमसची मादी चालत चालत, भेगांमध्ये शिरून हे प्युपे हुडकते, टणक कवचाला आपल्या नळीने भोक पाडते आणि आत अंडी घालते, एक-दोन नाही, भरपूर. तिची पिल्लं आतली माशी खातात आणि दोन-अडीच आठवड्यांत त्याच प्युप्यातून माशीच्या ऐवजी कित्येक थायमस बाहेर पडतात. त्या पुन्हा नवे प्युपे शोधायला मोकळ्या. ही गोष्ट मला पहिल्यांदा समजली तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता, आपल्या शेडच्या भेगेत एवढं सगळं चालतं आणि आपल्याला पत्ता नाही.

ही काही कालची टूम नाही. उझी आधी बंगालकडची, 1980 मध्ये रेशीम कोषांबरोबर कर्नाटकात आली आणि तिथे तिने धुमाकूळ घातला. मग म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेने तिचे नैसर्गिक शत्रू शोधायला घेतले, त्यात हे थायमस सगळ्यात कामाचं आणि वाढवायला सोपं निघालं. वाढवतात घरमाशीच्या प्युप्यांवर. म्हणजे पाऊच हातात आलं की आत जे तपकिरी दाणे दिसतात ते घरमाशीचे प्युपे, आणि त्यांच्या पोटात थायमस तयार होत असतं. आमच्या आईने पहिल्यांदा पिशवी बघितली आणि म्हणाली, "माशा मारायला माशाच विकत आणल्या का रे?" थोडे दाणे बाटलीत ठेवून थायमस बाहेर पडताना तिला दाखवलं तेव्हा पटलं.

आता वापर कसा करायचा, कारण पाऊचचं यश-अपयश निम्म्याहून जास्त इथेच ठरतं.

शिफारस आहे 100 अंडीपुंजांना 1 लाख थायमस. पाचव्या अवस्थेच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, रॅकच्या जवळ टांगायचं. संध्याकाळीच, कारण दुपारचं शेड तापलेलं असतं. टांगायची जागा अशी निवडा की उन्हाची तिरीप यायला नको, कूलरचा किंवा फॉगरचा थेट फवारा यायला नको आणि मुंग्या चढायला नकोत. रॅकच्या पायाखाली आपण पाण्याच्या वाट्या ठेवतोच, तर पाऊच रॅकच्या पाईपलाच बांधलं की मुंग्यांचा प्रश्न तिथेच मिटतो. भिंतीच्या खिळ्याला अजिबात नको, मुंग्यांना हे प्युपे म्हणजे आयतं जेवण, एका रात्रीत पिशवी रिकामी करतात. पालीपण लक्ष ठेवून असतात. आणि रॅकच्या खालच्या बाजूला टांगा, वर छताला नाही, कारण उझीचे प्युपे जमिनीवर असतात.

चुना आणि विजेता पावडर (अळ्यांवर टाकायची जंतुनाशक) धुरळताना पाऊचवर उडू देऊ नका, तेवढा वेळ बाजूला काढून ठेवलं तरी चालतं.

मग कोष काढणी. इथे बहुतेक लोक पाऊच विसरतात आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम इथेच आहे. काढणी झाली की आपण काय करतो, चंद्रिका (अळ्या कोष विणतात त्या जाळ्या) बाहेर, उरलेला पाला-काड्या-विष्ठा उचलून खड्ड्यात, आणि शेडमध्ये ब्लिचिंग नाहीतर क्लोरीन डायऑक्साइड मारून निर्जंतुकीकरण. त्या कचऱ्याबरोबर उझीचे ढिगाने प्युपे खड्ड्यात जातात आणि आठवड्या-दीड आठवड्याने तिथून माशा उडून परत शेडच्या जाळीवर येऊन बसतात, बरोबर पुढच्या बॅचच्या वेळेला. अंड्यापासून माशी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, आपली बॅच पण जवळजवळ तेवढीच, म्हणजे या बॅचमध्ये वाढलेली माशी पुढच्या बॅचला हजर. म्हणून निर्जंतुकीकरणाच्या आधी रॅकला बांधलेलं पाऊच काढून खड्ड्यापाशी न्या, सावलीत, वर पत्र्याचा तुकडा वगैरे टाकून, आणि तिथे टांगा. ब्लिचिंगच्या वासात थायमस वाचत नाही, आणि खड्ड्यापाशी त्याला जे प्युपे मिळतात तेवढे शेडमध्ये पण मिळत नाहीत. आम्ही तर आता काढणीच्या वेळेला हिशोबाने थोडं ताजं पाऊच फक्त खड्ड्यासाठी मागवतो. काही जण कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पंधरा-वीस दिवस ठेवतात म्हणजे माशी आतच मरते, तेही चांगलं, पण कचरा खूप असला की सगळा पिशव्यांत मावत नाही, मग जो उरतो त्याच्यासाठी थायमस.

फरक कधी दिसला? पहिल्या बॅचला काहीच नाही. आणि नसतोच, कारण तेव्हा ज्या माशा अंडी घालत असतात त्या आधीच जन्मलेल्या, थायमस त्यांना काही करू शकत नाही, त्याचं काम प्युप्यावर. दुसऱ्या बॅचला खिडकीच्या जाळीवर सकाळी बसणाऱ्या माशा कमी वाटल्या, पण मी लगेच विश्वास ठेवला नाही कारण पाऊस उघडला होता आणि उझी तशीही पावसाळ्यात जास्त असते. खरी खात्री झाली ती बाटलीने. आणि ही गोष्ट प्रत्येकाने करून बघावी अशी आहे, खर्च शून्य.

काढणीनंतर रॅकखालून, कोपऱ्यातून, खड्ड्याच्या कडेने उझीचे प्युपे वेचायचे, सहज मूठभर मिळतात. काचेच्या बरणीत टाकायचे, तोंडाला बारीक कापड रबराने बांधायचं, सावलीत ठेवायचं, आणि तीन आठवडे वाट बघायची. माशी निघाली की प्युप्याचं टोक टोपणासारखं उघडलेलं दिसतं. थायमस निघालं की टोक शाबूत आणि कवचाला बारीक गोल भोक. एकदा नजर बसली की बरणी न उघडता पण ओळखता येतं. पाऊच वापरायच्या आधी वेचलेल्या बरणीत जवळजवळ सगळ्या माशाच निघाल्या होत्या. दोन-तीन बॅच सलग सोडल्यावर खड्ड्यापाशी वेचलेल्या प्युप्यांमध्ये भोकं पडलेलेच जास्त, आणि बरणीच्या काचेवर आतून काळे ठिपके चालताना दिसतात. ते बघून आमच्या घरात पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं की हे खरंच चालतंय. आता भोकाचे कोष निघतात, अजूनही निघतात, पण काढणीच्या वेळी टोपल्यातून वेगळे काढायला पूर्वी एक माणूस बसवावा लागायचा तो आता लागत नाही.

एक लबाडी सांगतो, चांगल्या अर्थाने. नवीन माल आला की त्यातले पण चिमूटभर दाणे वेगळ्या बाटलीत ठेवा. थायमस निघालं तर माल चांगला, घरमाशा निघाल्या तर त्या दाण्यांत थायमस पोचलंच नव्हतं. एखाद-दुसरी माशी निघते, ते समजून घ्या. पण निम्म्या माशा निघाल्या तर फोटो काढून पुरवठादाराला पाठवा, आम्हाला एकदा असा माल आला होता आणि त्यांनी काही न बोलता बदलून दिला.

तक्रारी पण आहेत. पहिली म्हणजे हा जिवंत माल आहे आणि त्याची वाहतूक तशी होत नाही. एकदा पार्सल वेळेवर निघालं, पण मधे कुठेतरी दोन दिवस पडून राहिलं, नाशिकच्या द्वारका चौकात जाऊन हातात घेतलं तेव्हा पिशवीत अर्धं थायमस निघून मरून पडलेलं. तेव्हापासून आम्ही ट्रॅव्हल्सनेच मागवतो, रात्री टाकलं की दुसऱ्या दिवशी द्वारकाला उतरतं, तिथून गाडीवर घरी यायला काय तास-सव्वा तास, येताना डिकीत नाही ठेवायचं, डिकी तापते. दुसरी तक्रार, पाऊचवर थायमस कधी बाहेर पडणार ती तारीख स्पष्ट नसते. हातात आल्यावर दोन दिवसांत निघणार की सहा, त्यावर आपलं सगळं गणित. आम्ही आता ऑर्डर देतानाच आपल्या पाचव्या अवस्थेची तारीख कळवतो आणि त्यांच्याकडून निघायची तारीख लिहून घेतो. तिसरी, आत जो कागद येतो तो मराठीत नाही. मराठवाड्यात, आपल्याकडे, इतके शेतकरी रेशीम करतात, जालन्याला कोषांचं मार्केट आहे, एक पान मराठीत छापायला हवं. आमच्या वहिनीच शेड बघतात, त्यांच्यासाठी मी हाताने लिहून भिंतीला चिकटवलंय.

किंमतीचं म्हणाल तर एका बॅचला चुना-विजेतावर जेवढे जातात त्याच्याही आतच पडतं आम्हाला, वाहतूक धरून. वाहतूकच जास्त वाटते एकट्याने मागवलं तर.

आणि कृपा करून एकट्या पाऊचवर शेड सोडू नका. खिडक्यांना नायलॉनची जाळी, फाटलेली लगेच शिवायची. दरवाजा दुहेरी, म्हणजे एक लावल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, पाल्याचे भारे आत आणताना हे सगळ्यात जास्त मोडतं आणि उझी तेवढ्यात शिरते. उझी ट्रॅपची गोळी पाण्यात विरघळवून पांढऱ्या ट्रेमध्ये खिडकीजवळ, आत आणि बाहेर दोन्हीकडे, माशा येऊन बुडतात. अळ्यांच्या अंगावर अंडी दिसली तर उझीसाइड, ते अंडी मारतं. चालू बॅचला वाचवतात ती ही कामं. जमिनीच्या भेगा सिमेंटने बुजवा म्हणजे प्युप्याला लपायला जागा कमी. भोक पडलेले कोष आणि डागाळलेल्या अळ्या उकिरड्यावर नुसत्या फेकू नका, तिथूनच परत येतं सगळं.

द्राक्षवाल्यांना ही पद्धत नवीन वाटायला नको खरं तर. बागेत मिलीबग खाणारे क्रिप्टोलीमस भुंगेरे सोडणारे आपल्या तालुक्यात आहेत, टोमॅटोला ट्रायकोकार्ड (किडीची अंडी संपवणाऱ्या परजीवी कीटकाचं कार्ड) लावणारे पण आहेत. तात्यांना बरणी दाखवली तेव्हा ते बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "म्हणजे मी जे मारतो त्यात हे पण मरत असेल." मी म्हटलं मरतं तात्या, खड्ड्याच्या बाजूने मारताना जरा वारा बघून मारा. तेव्हापासून ते आपल्या बांधाची कडेची ओळ पाठीवरच्या पंपाने मारतात, ब्लोअर नेत नाहीत.

पाचपैकी साडेचार स्टार देईन, अर्धा वाहतूक आणि तारखेसाठी कापला.

शेवटचं म्हणजे ऑर्डर. हे दुकानात तयार मिळत नाही, वाढवायला वेळ लागतो, त्यामुळे चॉकीच्या अळ्या बुक कराल त्याच दिवशी पाऊच पण बुक करा. पाऊस लागायच्या आधीच्या बॅचपासून सुरू करा, माशी कमी असतानाच, माशांचा ढग झाल्यावर सुरू केलं तर फरक दिसायला दोन बॅच जास्त लागतात. आणि शक्य असेल तर आजूबाजूच्या दोन-चार रेशीमवाल्यांनी मिळून मागवा, एकतर भाडं वाटलं जातं, आणि दुसरं म्हणजे माझ्या खड्ड्यावर थायमस सोडून उपयोग काय जर अर्ध्या किलोमीटरवरच्या शेडचा कचरा उघडाच पडलाय. दिंडोरी, निफाड, चांदवड भागातले कुणी असाल आणि येत्या पावसाळी बॅचला मागवणार असाल तर सांगा, आपण एकत्र ऑर्डर टाकू, द्वारकाहून मी आणतो.